ब्रेक कुठे कमी पडले?
(फिट, मेंदू आणि पेट स्कॅन)

‘फिट’ हा आपल्या बोलण्यातला एक अजब शब्द आहे. रोज पहाटे ग्राउंडवर पळणारा मुलगा ‘एकदम फिट’ असतो, आणि ज्याला ‘फिट येते’ त्याच्याबद्दल मात्र आपण आवाज खाली करून बोलतो. फिट, आकडी, मिरगी, फेफरं, पुस्तकी मराठीत अपस्मार. एका आजाराला इतकी नावं, पण त्याबद्दल माहिती किती जणांना असते? मला तरी वर्षभरापूर्वी शून्य होती. मग सेमिनारसाठी ‘मेडिकल इमेजिंग’ हा विषय गळ्यात पडला, लायब्ररीत बसून वाचत गेले आणि हा विषय सुटेचना. सेमिनार संपला, मार्क्स मिळाले, पण वाचलेलं नुसतं पॉवरपॉइंटमध्ये पडून राहू नये म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा मध्ये मध्ये इंग्रजी शब्द येणार. सांभाळून घ्या!)

आधी थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के लोक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे हा काही लाखात एकाला होणारा आजार नाही. आपल्या कॉलेजएवढ्या वस्तीत फिट येणारी काही माणसं असणारच. ती आपल्याला माहीत नसतात, कारण ती सांगत नाहीत. आणि सांगतील तरी का? आपल्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या शेजारीच अपस्माराचंही नाव होतं. तेवढ्या कारणावरून लग्न रद्द करून मागता येत असे. तो शब्द कायद्यातून काढला गेला १९९९ साली. कायद्यातून गेला, लोकांच्या डोक्यातून अजून जायचाय.

फिट म्हणजे नक्की काय?

मेंदूत अब्जावधी न्यूरॉन्स आहेत आणि ते एकमेकांशी विजेच्या सिग्नल्सने बोलतात. न्यूरॉन शांत असताना त्याच्या आतला व्होल्टेज बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतो. तो वर चढत चढत एका मर्यादेला पोचला की न्यूरॉन ‘फायर’ होतो. पुढच्या न्यूरॉनला निरोप द्यायचा तर मध्ये एक फट असते. तिथे वीज उडी मारत नाही, रसायन सोडलं जातं. ते रसायन पलीकडच्या न्यूरॉनवरच्या ‘रिसेप्टर’मध्ये जाऊन बसतं. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली असं समजा. ठरावीक कुलपाला ठरावीकच किल्ली.

या किल्ल्या दोन प्रकारच्या. ग्लुटामेट नावाचं रसायन म्हणजे ॲक्सिलरेटर, ते पुढच्या न्यूरॉनला फायर व्हायला लावतं. ‘गाबा’ नावाचं रसायन म्हणजे ब्रेक. गाबा आपल्या रिसेप्टरवर बसलं की तिथलं एक बारीक दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात, व्होल्टेज आणखी खाली जातो आणि न्यूरॉन गप्प बसतो. आपण वाचतो, चालतो, मेसच्या भाजीला नावं ठेवतो तेव्हा हे दोन्ही सतत चालू असतं.

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको. निगेटिव्ह फीडबॅक कमी पडला आणि लूपचा गेन वाढला की काय होतं? ऑसिलेशन! माइक स्पीकरसमोर धरल्यावर गॅदरिंगमध्ये जी किंचाळी ऐकू येते ना, तसंच काहीसं. मेंदूतल्या एका भागातले हजारो न्यूरॉन्स एकाच तालात फायर व्हायला लागतात, आणि कधी कधी ते लोण पूर्ण मेंदूभर पसरतं. हीच फिट. ‘अंगात येणं’ नाही, ‘बाहेरची बाधा’ नाही, आणि वेड तर मुळीच नाही.

सगळ्या फिट्स सिनेमात दाखवतात तशा हातपाय झाडणाऱ्या नसतात. काहींमध्ये माणूस अर्धा-एक मिनिट नुसता शून्यात बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाचं बटण चाळवतो, हाक मारली तर ओ देत नाही. लेक्चरला अशी अवस्था आपल्या सगळ्यांचीच होते म्हणा, पण आपल्याला खडू फेकून जागं करता येतं, त्याला नाही.

दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश

चांगली बातमी अशी की बहुतेकांच्या फिट्स गोळ्यांनी थांबतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी ५२५ पेशंट्सचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला, त्यात ६३ टक्के लोक फिट्समधून मोकळे झालेले दिसले. उरलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांचं काय? एकामागून एक औषधं बदलूनही त्यांना फिट येतच राहते. त्यांतल्या काहींच्या बाबतीत फिट मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून सुरू होते. ती जागा सापडली, आणि ती काढून टाकण्यासारखी असली, तर ऑपरेशन करता येतं. कॅनडात २००१ साली एक ट्रायल झाली. टेंपोरल लोबमधून, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातून, फिट येणाऱ्या ८० पेशंट्सचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशनच्या वाटेने नेलं, दुसऱ्याला फक्त औषधं. वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिट्स पूर्ण थांबल्या त्या ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के लोकांच्या, आणि औषधांच्या गटात फक्त ८ टक्के लोकांच्या.

मग सगळ्यांचीच ऑपरेशन्स का करत नाहीत? कारण मेंदू म्हणजे अपेंडिक्स नव्हे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेंपोरल लोबचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होण्याची क्षमताच गेली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्याच्यासाठी नवाच. २००८ साली मरेपर्यंत तो असाच जगला. त्याच्यामुळे विज्ञानाला स्मृतीबद्दल खूप काही कळलं, त्याची किंमत मात्र त्याने भरली. तेव्हापासून एक प्रश्न फार गंभीरपणे विचारला जातो: नक्की कुठे, किती आणि कुठल्या बाजूला?

नकाशा काढायचा कसा?

पहिलं साधन ईईजी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग पहिल्यांदा नोंदवले आणि १९२९ साली प्रसिद्ध केले. आजही फिटच्या तपासणीत ईईजी लागतोच. पण डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून आतलं ऐकणं म्हणजे स्टेडियमच्या भिंतीला कान लावून मॅच ऐकण्यासारखं आहे. आरडाओरडा झाला हे कळतं, कुठल्या रांगेतून सुरू झाला ते सांगणं अवघड. दुसरं साधन एमआरआय. तो मेंदूची रचना फार सुरेख दाखवतो: व्रण, गाठ, आक्रसलेला हिप्पोकॅम्पस. पण काही पेशंट्सचा एमआरआय अगदी नॉर्मल येतो. इमारत धडधाकट दिसते, शॉर्टसर्किट मात्र रोज होतंय. अशा वेळी इमारतीचा फोटो काय कामाचा? वायरिंग तपासायला हवं. म्हणजेच रिसेप्टर्स बघायला हवेत, तेसुद्धा जिवंत माणसाच्या मेंदूत, कवटी न उघडता.

इथे येतो पेट स्कॅन. पूर्ण नाव पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी. (नाव ‘पेट’ असलं तरी यात काही पेटत नाही!)

पेट स्कॅन कसा चालतो?

पाइपलाइन कुठे गळते हे शोधायला प्लंबर पाण्यात रंग टाकतो. पेटची कल्पना तशीच आहे. मेंदूत ठरावीक ठिकाणीच जाऊन बसेल असा एक रेणू निवडायचा, त्यातला एक अणू किरणोत्सारी करायचा, अगदी सूक्ष्म मात्रेत शिरेतून द्यायचा आणि तो कुठे कुठे जमतो ते बाहेरून बघायचं. अशा रेणूला ‘ट्रेसर’ म्हणतात.

तो अणू फुटताना पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, फक्त भार उलटा. कार्ल अँडरसनने १९३२ साली तो शोधला. हा पॉझिट्रॉन मेंदूत जेमतेम मिलिमीटरभर भटकतो, तेवढ्यात त्याला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते: प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा फोटॉन. संवेगाच्या अक्षय्यतेमुळे ते जवळजवळ बरोबर उलट दिशांना सुटतात.

आता डोक्याभोवती क्रिस्टल्सच्या डिटेक्टर्सची एक रिंग लावा. समोरासमोरच्या दोन डिटेक्टर्सना काही नॅनोसेकंदांच्या आत एकेक फोटॉन लागला, तर दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती घटना घडली असं धरायचं. डिजिटलवाल्यांनो, हे तुमचं अँड गेट! एकटा-दुकटा फोटॉन आला तर सोडून द्यायचा. अशा लाखो-कोट्यवधी रेषा जमल्या की गणिताने त्यांतून चित्र उभं करायचं. या गणिताचा पाया योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ सालीच घालून ठेवला होता, तेव्हा ना कॉम्प्युटर होता ना स्कॅनर. एम-थ्रीच्या ट्रान्सफॉर्म्सचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. माणसासाठीचे पेट स्कॅनर्स १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झाले.

साखरेपासून रिसेप्टरपर्यंत

सुरुवातीला, आणि आजही सगळ्यात जास्त, वापरला जाणारा ट्रेसर म्हणजे एफडीजी. ग्लुकोजसारखाच रेणू, त्यावर फ्लोरिन-१८ लावलेला. जिथे मेंदू जास्त काम करतो तिथे साखर जास्त जाते. १९८०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कूल, एंगेल आणि फेल्प्स यांच्या गटाने दाखवलं की फिट चालू नसताना, एरवीच्या शांत काळात, फिटच्या उगमाचा भाग साखर कमी खातो. म्हणजे गुन्हेगार एरवी सुस्त पडलेला असतो! फार उपयोगी शोध होता, पण त्यात एक अडचण होती. तो ‘सुस्त’ भाग खऱ्या उगमापेक्षा बराच मोठा दिसतो. आसपासचा शेजारही त्यात सापडतो. शिवाय साखर कमी का जाते याचं उत्तर त्यातून मिळत नाही. न्यूरॉन्स मेलेत की नुसते थकलेत की ब्रेक बिघडलेत?

ब्रेक थेट बघायचे तर गाबाच्या रिसेप्टरवरच बसणारा रेणू हवा. तो औषधांच्या कपाटात सापडला. फिट थांबवायला इमर्जन्सीत देतात ती डायझेपाम, मिडाझोलाम ही औषधं बेन्झोडायझेपीन गटातली. गाबा ज्या रिसेप्टरवर बसतं त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या एका खाचेत ती बसतात आणि ब्रेक आणखी घट्ट करतात. रोश कंपनीने फ्लुमॅझेनिल नावाचं एक औषध तयार केलं. ते याच खाचेत बसतं, पण स्वतः काहीच करत नाही, नुसती जागा अडवतं. एसटीत सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसं. बेन्झोडायझेपीनचा ओव्हरडोस झालेल्याला शुद्धीवर आणायला ते वापरतात. रिसेप्टर्स मोजायला असा ‘रुमाल’ एकदम आदर्श. तो जागेवर बसतो आणि मेंदूच्या कामात ढवळाढवळ करत नाही, कारण स्कॅनसाठी त्याची मात्रा अगदी मायक्रोग्रॅममध्ये असते.

फ्लुमॅझेनिलमधला एक कार्बन अणू कार्बन-११ ने बदलला आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये इव्हांका साविच आणि सहकाऱ्यांनी तो अपस्माराच्या पेशंट्सना देऊन स्कॅन केले. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: फिटच्या उगमाच्या जागी हे रिसेप्टर्स कमी झालेले दिसतात. माणसाच्या मेंदूत ब्रेक कुठे कमी पडलेत ते कवटी न उघडता दिसलं! पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की हा कमी झालेला भाग एफडीजीतल्या भागापेक्षा सहसा लहान आणि नेमका असतो. सर्जनच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. किती काढायचं, त्याहीपेक्षा किती ठेवायचं, याला त्यातून मदत होते.

वीस मिनिटांची शर्यत

वाचायला हे सोपं वाटतं, पण करायला महाकठीण, कारण कार्बन-११ चं अर्धायुष्य आहे फक्त साधारण २० मिनिटं. दर वीस मिनिटांनी माल निम्मा! सायक्लोट्रॉनमध्ये नायट्रोजनवर प्रोटॉन आदळून तो बनवायचा, तिथेच शेजारच्या लॅबमध्ये घाईघाईने रेणूत बसवायचा, शुद्ध करायचा, तपासायचा आणि धावत पेशंटकडे न्यायचा.

एक छोटं गणित करा. मुंबईत परळला बनवलेला कार्बन-११ गाडीत घालून पुण्याला आणायचा ठरवला आणि ट्रॅफिक धरून तीन तास लागले. तीन तास म्हणजे नऊ अर्धायुष्यं. दोनाचा नववा घात ५१२. म्हणजे निघाला तेव्हाचा ५१२ वा हिस्सा पुण्यात पोचला. बाकीचा एक्स्प्रेसवेवरच संपला! फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, म्हणून तीच गाडी जवळजवळ एक तृतीयांश माल पोचवते. एफडीजी शहराशहरांत मिळतं आणि कार्बनवाले ट्रेसर्स सायक्लोट्रॉन असलेल्या मोजक्या संस्थांच्या भिंतींआडच राहतात, त्याचं साधं कारण हे. फ्लुमॅझेनिललाही फ्लोरिन-१८ लावून बघितलंय ते याचसाठी.

भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर २००२ साली मुंबईतच सुरू झाला, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. ही संस्था भाभा अणुसंशोधन केंद्राची. आज देशात बऱ्याच ठिकाणी पेट आहे, पण तो मुख्यतः कॅन्सरसाठी वापरतात. अपस्मारासाठी वापरला तर सहसा एफडीजीच. रिसेप्टरवाले स्कॅन हे जगभरातच प्रामुख्याने संशोधनाचं काम राहिलंय.

चित्र खरं बोलतं का?

सेमिनारमध्ये सरांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि मला तो सगळ्यात आवडला. रंगीत चित्र बघितलं की आपण लगेच विश्वास ठेवतो. पण पेटचं चित्र म्हणजे फोटो नव्हे, ते गणिताचं उत्तर आहे. आणि गणिताचं उत्तर गृहीतकांवर अवलंबून असतं.

पहिली गोष्ट, एखाद्या ठिकाणी ट्रेसर जास्त दिसला याचा अर्थ तिथे रिसेप्टर जास्त, असं थेट म्हणता येत नाही. कदाचित तिथे रक्तच जास्त जात असेल. म्हणून वेळेनुसार अनेक फ्रेम्स घेतात, रक्तातलं ट्रेसरचं प्रमाणही मोजतात आणि टाक्यांचं मॉडेल लावतात: रक्त ही एक टाकी, मेंदू ही दुसरी, मध्ये आत जाणारा आणि बाहेर येणारा असे दोन नळ. या डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवून रिसेप्टर्सचा आकडा निघतो. आरसी सर्किट सोडवलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. पेटला काही मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही आणि हिप्पोकॅम्पस तर मुळातच बारका. तो आक्रसला की शेजारच्या भागाचा सिग्नल त्यात मिसळतो आणि रिसेप्टर ‘कमी’ दिसतात. मग ते खरंच कमी झाले की फक्त जागा लहान झाली? लंडनच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एमआरआयवरून आकाराची दुरुस्ती केली, शिवाय ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांतले रिसेप्टर्सही प्रयोगशाळेत मोजले. आकाराची वजावट करूनही रिसेप्टर्स कमीच निघाले. म्हणजे चित्र त्या बाबतीत खरं बोलत होतं.

तिसरी गोष्ट औषधांची. पेशंट क्लोबाझामसारखी बेन्झोडायझेपीनची गोळी घेत असेल तर त्या खाचा आधीच भरलेल्या असतात. सीटवर माणूस बसलेला असेल तर रुमाल कुठे टाकणार? स्कॅन वाचताना हे माहीत असावंच लागतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रिसेप्टर्स काही भिंतीतल्या विटा नव्हेत. फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच पेशंट्सचे दोनदा स्कॅन केले तेव्हा दिसलं की शेवटची फिट येऊन किती दिवस झाले यावर चित्र बदलतं. क्वचित कधी तर ते तात्पुरतं चुकीची बाजू दाखवतं, अशी नोंद १९९९ साली झाली आहे. चुकीची बाजू! मोलेसनची गोष्ट आठवा, म्हणजे या दोन शब्दांचं वजन कळेल. म्हणूनच कुठलाही शहाणा डॉक्टर एकट्या पेट स्कॅनवर ऑपरेशन ठरवत नाही. ईईजी, एमआरआय, फिटचं व्हिडिओ रेकॉर्डिंग, स्मरणशक्तीच्या चाचण्या, हे सगळे साक्षीदार एकाच जागेकडे बोट दाखवतात का ते बघतात.

ब्रेकशिवाय आणखी काय दिसलं?

गाबा हा एकच रिसेप्टर नाही. १९८८ सालीच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या जेम्स फ्रॉस्ट यांच्या गटाने कार्फेंटॅनिल नावाच्या ट्रेसरने ओपिऑइड रिसेप्टर्स मोजले. टेंपोरल लोबमधून फिट येणाऱ्यांत, ज्या बाजूने फिट येते तिथे ते चक्क वाढलेले दिसले. मेंदू स्वतःच आग विझवायला बंब पाठवतो की काय, अशी शंका त्यातून आली. १९९८ साली लंडनमध्ये काही विलक्षण पेशंट्सचा अभ्यास झाला. त्यांना वाचताना फिट यायची! स्कॅनरमध्ये वाचायला दिल्यावर त्यांच्या मेंदूत नैसर्गिक ओपिऑइड सुटत असल्याच्या खुणा सापडल्या. सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचंही टेंपोरल लोबमध्ये कमी झालेलं प्रमाण पुढे दिसलं.

ॲक्सिलरेटर दिसायला मात्र फार वर्षं लागली. ग्लुटामेटच्या ‘ॲम्पा’ रिसेप्टरसाठी चांगला ट्रेसर जपानमधल्या योकोहामा सिटी युनिव्हर्सिटीच्या गटाने २०२० साली जाहीर केला. टेंपोरल लोबच्या पेशंट्समध्ये फिटच्या उगमाशी तो जास्त जमा झाला, आणि त्याच पेशंट्सच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांत तपासलं तर तिथेही हे रिसेप्टर्स त्याच प्रमाणात सापडले. ब्रेक कमी आणि ॲक्सिलरेटर जास्त, हे जे आपण सुरुवातीला तोंडी म्हटलं, त्याचे दोन्ही अर्धे आता चित्रात आलेत. २०१६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून आणखी एक ट्रेसर आला. आपल्याकडेही सर्रास दिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध मेंदूत ज्या प्रोटीनवर बसतं, नेमकं तेच तो दाखवतो. पुढेमागे ‘या पेशंटला कुठली गोळी लागू पडेल’ हे गोळ्या बदलत वर्षं घालवण्याआधीच ठरवता आलं, तर त्या एक तृतीयांश लोकांचं किती आयुष्य वाचेल!

आणि हॉस्टेलवर?

इतका वेळ स्कॅनरबद्दल बोललो. पण कोट्यवधींचा स्कॅनर आणि साध्या माहितीचा अभाव, दोन्ही एकाच देशात नांदतात. माझ्या माहितीतला एक मुलगा फिटच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचा. रूम पार्टनरला कळू नये म्हणून. सगळे झोपल्यावर गोळी घ्यायची, आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळे झोपतच नाहीत! म्हणजे गोळी चुकली, वर जागरण. फिट यायला ही दोन कारणं पुरेशी असतात. त्याला आली. रिसेप्टर्सचा दोष थोडा, बाकीचा दोष त्या डबीवरच्या लेबलचा, आणि ते लेबल त्याने आपल्यामुळे लावलं होतं. जॉन्टी ऱ्होड्सला अपस्मार आहे हे त्याने जगजाहीर केलं, आणि पॉइंटवरचे त्याचे कॅच लोक अजून विसरलेले नाहीत. एक गोळी वेळेवर घेतली म्हणून कुणी कमी होत नाही.

कुणाला फिट आली तर एवढंच करा. हे रेक्टर, सिक्युरिटी आणि मेसमधल्या काका-मावशींनाही सांगा.

१. घाबरू नका. घड्याळात वेळ बघा. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात.
२. आजूबाजूचं टेबल, खुर्ची, स्टोव्ह दूर करा. चष्मा काढा, कॉलर सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा.
३. हातपाय दाबून धरू नका. शक्य होताच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही.
४. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात.
५. चप्पल, कांदा, किल्ली यांचा काही उपयोग नाही. फिट आपल्या वेळेला थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं!
६. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली, पहिल्यांदाच आली असेल किंवा मार लागला असेल, तर १०८ ला फोन करा.
७. शुद्ध येईपर्यंत सोबत थांबा. गर्दी हटवा. मोबाइल खिशात ठेवा, व्हिडिओ काढायचाच तर फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी, ग्रुपवर टाकण्यासाठी नाही.

रिसेप्टर मोजायला सायक्लोट्रॉन लागतो, गणित लागतं, वीस मिनिटांची शर्यत लागते. कुशीवर वळवायला फक्त दोन हात लागतात. आणि ज्याच्याकडे ती व्हिटॅमिनची डबी आहे, तो जर हे वाचत असेल, तर आज रात्री निदान रूम पार्टनरला सांगून टाक. त्यालाही हा लेख वाचायला दे, म्हणजे त्याला काय करायचं ते आधीच माहीत असेल.